कॉलरच्या वरचं

छाप काढायचा तांब्याचा पत्रा कातडी उशीवर ठेवून तुसेन वाकली, आणि कॉलरच्या वर तिला स्वतःचंच तोंड दिसलं. क्षणभर तिला काही उमजेना. कॉलर ओळखीची होती, काळा झगा ओळखीचा होता, पुस्तकात बोट अडकवून विसावलेला तो हात तर तिला स्वतःच्या हातापेक्षा जास्त पाठ होता. पण या सगळ्याच्या वर जिथं मास्तर कोर्विझिए असायला हवे होते, तिथं घोटून लख्ख केलेलं तांबं होतं, आणि त्यातून पन्नाशीची एक बाई तिच्याकडे बघत होती. टोपीतून निसटलेली पांढरी बट, नाकावर शाईचा डाग. मास्तरांचं डोकं खरवडून काढलं होतं. मागून हातोडीनं ठोकून तांबं वर आणलं होतं, कोळशानं घासलं होतं, तेलानं पुसलं होतं. काम साफ झालं होतं, यात वाद नाही. मातुरँला अजून खरवडता येत होतं, त्याला हात थरथरला तरी चालतं. ती सरळ झाली आणि खिडकीकडे वळून म्हणाली, "निदान सांगायचंस तरी."

"त्यात सांगायचं काय, अक्का?" तिचा धाकटा भाऊ मातुरँ खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. बाबांची खुर्ची ती. तेल लावलेल्या कागदाच्या चौकटीतून उजेड गाळून तिच्यावरच पडायचा, म्हणून डोकी कोरणारा तिथं बसायचा आणि बाकीचे आत. "मास्तर जाऊन किती वर्षं झाली! त्यांचा छाप मागायला शेवटचं कोण आलं होतं, आठवतंय? नाही ना? मग तांबं काय पूजेला ठेवायचं? धड आयतं तयार आहे. झगा आहे, पुस्तक आहे, खाली नाव घालायला दगडी चौथरा आहे. फक्त डोकं बसवायचं."

"कुणाचं?"

"सरकारांचं," मातुरँ म्हणाला, आणि ते म्हणताना त्यानं जरा मान झुकवली, जणू सरकार कोपऱ्यात उभेच होते. सरकार म्हणजे बार्तेलमी रुसलो. राजाच्या फौजेला बूट पुरवता पुरवता त्यानं एक गाव विकत घेतलं होतं, आणि आता तो नुसता रुसलो नव्हता, त्या गावाच्या नावानं द ला फूशेर होता. बायकोचा भाचा कॉलेजात प्रबंध मांडणार होता आणि तो मामांना अर्पण करणार होता. तेव्हा रिवाजाप्रमाणे प्रबंधाच्या भल्यामोठ्या कागदावर, सगळ्या लॅटिनच्या डोक्यावर, मामांचं चित्र हवं. वादसभेच्या दिवशी तो कागद भिंतीवर लागतो, हातोहात वाटला जातो, पाद्री, वकील, न्यायाधीश सगळे बघतात. मामांना त्या कागदावर विद्वान दिसायचं होतं. मातुरँ सांगत होता आणि तुसेन त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो हात त्यानं डाव्या काखेत खुपसला होता. गेल्या हिवाळ्यापासून तो हात असाच कुठंतरी लपलेला असायचा, आणि विचारलं की मातुरँ म्हणायचा, थंडी. आता तर सप्टेंबर चालू होता.

"डोकं मी कोरणार," ती म्हणाली. हे आपण म्हणणार आहोत हे तिलाही बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं.

मातुरँ हसला. "अक्का, तू कॉलरवाली. बाईमाणसाला कापड कळतं, बाबाच म्हणायचे."

"तो पेला उचल बघू. भरलेला आहे. उचल आणि तोंडाला लाव."

त्यानं पेल्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. खाली सँ-झाक रस्त्यावर कुणीतरी खेकसत गाढव हाकत होतं. तिला त्याची इतकी कीव आली की उठून जावंसं वाटलं. पण ती उठली नाही. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. कोर. पण सरकारांनी नाक मुरडलं, तर मी अँटवर्पच्या त्या कोरणाऱ्या योरिसला बोलावून घेणार. ही खुर्ची त्याची, आणि तू मरेपर्यंत कॉलरी. बोल, कबूल?"

"आणि नाही मुरडलं तर?"

"तर ये, बस इथं. मग मी कोण विचारणारा?"

कबूल होतं. त्या दिवशी तिनं दुसरं काही काम केलं नाही, पत्र्यासमोर बसून राहिली. जन्मभर तिनं गळ्याखालचं जग कोरलं होतं. बाबांच्या हाताखाली, मग मातुरँच्या. लेस, मखमल, चिलखतं, झगे, पडदे, हात. न्यायाधीशाचा झगा कसा जड पडतो आणि दरबाऱ्याचा कसा झुळझुळतो, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. मोठेपणा सगळा खालीच असतो, हे तिनं लहानपणीच ओळखलं होतं. फर, पट्टा, घराण्याची ढाल, खांबाचा तुकडा. ते घातलं की माणूस मोठा झाला. पण बुद्धी वर असते, आणि वर तिला कुणी जाऊ दिलं नव्हतं. बुद्धीचीही एक पाककृती होती, बाबा ती सूप ढवळत सांगावी तशी सांगायचे: कपाळ थोरलं कर, त्यावर उजेड सोड, रेघा विरळ. पापण्या जड, म्हणजे रात्री वाचतो असं वाटतं. ओठ मिटलेले पण दाबलेले नाहीत, म्हणजे आत्ताच काहीतरी म्हणणार होता आणि तेवढ्यात तुम्ही आलात. बुबुळात खिडकीएवढं पांढरं, तिथं तांब्याला हातसुद्धा लावायचा नाही. झालं! त्या पाककृतीवर बाबांनी पॅरिसमधले निम्मे गाढव शहाणे केले होते, आणि दुकानांच्या दोरीला चिमट्यांनी टांगलेली ती सगळी माणसं रस्त्यानं जाणाऱ्यांकडे अशी बघायची, की मासे घ्यायला निघालेल्या बाईला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

मास्तर कोर्विझिएंचंही बाबांनी तेच केलं होतं. मास्तर वरच्या माळ्यावर भाड्यानं राहायचे, श्रीमंतांच्या पोरांना भूमिती शिकवायचे आणि रात्रीचं जेवण यांच्याकडे. तुसेनला अक्षरं त्यांनी शिकवली, आकडे त्यांनी शिकवले, आणि आणखी एक गोष्ट, जी त्यांना शिकवायची नव्हती. ते विचार करू लागले की भयंकर दिसायचे. चमचा हवेत थांबायचा, त्यातून सूप टेबलावर ठिबकायचं, खालचा ओठ लोंबायचा, तोंड उघडं, डोळे रवंथ करणाऱ्या गायीचे. आई फडकं घेऊन पुसत राहायची आणि म्हणायची, गेले आपले मास्तर. तुसेन मात्र जेवणं सोडून बघत राहायची. तिला वाटायचं, हे खरं. हा माणूस आत्ता इथं नाही, कुठंतरी दूर एका त्रिकोणात एकटाच चालतोय, आणि तोंड त्यानं आपल्याकडे विसरून ठेवलंय. ती त्या तोंडाला जीव लावून बसली होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. पुढे बाबांनी चित्र काढलं. थोरलं कपाळ, जड पापण्या, मिटलेले ओठ. कच्चा छाप बघून मास्तर म्हणाले होते, "वा, काय शहाणा माणूस आहे हा! ओळख करून द्या की." सगळे हसले होते. तुसेनला हसू आलं नव्हतं. त्या चित्रातला हात तेवढा खरा होता, कारण तो तिनं कोरला होता, आणि त्या हाताचं बोट पुस्तकात खरोखरच अडकलेलं होतं.

आता तेही डोकं गेलं होतं. खोटं होतं, तरी तिला राग आला. खोटं का होईना, मास्तरांचं एवढंच उरलं होतं.

सरकार आले ते गाडीतून, रस्ता अडवून, विग लावून. तुसेननं वर पाहिलं आणि तिच्या हातातला खडू खाली आला. हा माणूस बाबांच्या पाककृतीतून थेट उठून आला होता. कपाळ असं की त्यावर दिवाभर उजेड मावावा. पापण्या जड. नाक सरळ. ओठ मिटलेले, दाबलेले नाहीत. देवानं त्याला तत्त्वज्ञाचं तोंड दिलं होतं आणि आत बूट भरले होते. मातुरँ तर हात जोडायचाच बाकी राहिला. "सरकार, असं डोकं आम्हाला शंभरात एखादं मिळतं. कोरायचं ते काय, नुसतं उतरवायचं!" सरकार खूश झाले. बसले. हनुवटी वर केली. मग त्यांची नजर तुसेनवर पडली.

"ही?"

"माझी बहीण. हात हलका आहे तिचा."

"बायकांनी काढलं की आपण गोरेगोमटे दिसतो म्हणे," सरकार म्हणाले आणि स्वतःच हसले. "चालेल, चालेल. बायको खूश होईल."

तिनं काळ्या खडूनं एक चित्र काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. तिन्ही हुबेहूब. तिन्ही मेलेली. काय चुकतंय ते तिला सापडेना. कपाळावर उजेड होता, डोळ्यांत खिडकी होती, आणि तरी ते तोंड त्या खालच्या हाताचं नव्हतं. हाताचं बोट म्हणत होतं, मी इथं थांबलोय, मला परत जायचंय. तोंड म्हणत होतं, मी कुठं गेलोच नव्हतो. सरकार गेल्यावर ती टोपलं घेऊन बाहेर पडली, नदीकडे उतरली आणि परत येताना टांगलेल्या छापांसमोर थांबत थांबत आली. बिशप, सेनापती, वैद्य, वकील. सगळ्यांना सगळं कळत होतं. ज्याला सगळं कळतं त्याला विचार करायची गरजच काय, असं तिच्या मनात आलं, आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून पाणक्यानं शिवी हासडली. म्हणजे पाककृती बुद्धीची नव्हतीच. तीही झगाच होती, फक्त गळ्याच्या वर घालायचा. फर, पट्टा, ढाल आणि कपाळ. तिला एकाच वेळी हसू आलं आणि धाप लागली. जन्मभर ज्या दारापुढे ती उभी होती, त्याच्या आतही कापडच होतं. मग कापडवालीला कोण अडवणार होतं? पण नुसतं कापड तिला नको होतं. इतकी वर्षं वाट बघून तिला वर जायचं होतं ते तोंडासाठी, आणि तोंड मिळवल्याशिवाय ती पत्र्याला कोरणी लावणार नव्हती. घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

पुढच्या बैठकीला तिनं मातुरँला काहीतरी कारण काढून छापखान्यात पिटाळलं. सरकार हनुवटी वर करून बसले. ती खडू हातात धरून नुसती बसून राहिली.

"काढताय ना?" थोड्या वेळानं ते म्हणाले.

"एक अडलंय, साहेब. तुमचं बोट ज्या पुस्तकात आहे, त्याच्या पाठीवर नाव काय घालू?"

"घाला की काहीतरी. लॅटिन. जाडजूड."

"ते मला कुठलं येतंय? तुम्ही जे वाचता, तेच घालते. शेवटचं काय वाचत होता?"

सरकारांनी तोंड उघडलं, एक मोठं नाव घ्यायला. ते आलं नाही. त्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं, मग पत्र्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं. "वाचत नव्हतो," ते म्हणाले. "वाचून दाखवायची. आन्येस. माझी थोरली. तेव्हा मी दुकानातच राहायचो, मागं कातडी भिजत घातलेली असायची. ती नाक धरून वाचायची." ते थोडं हसले. "फेरीवाल्याकडचं होतं. निळ्या कागदाचं. एक खलाशी असतो, त्याचं जहाज बुडतं, आणि तो एका बेटावर..." ते थांबले. "नाव नाही आठवत. निळं होतं ते."

"मग काय होतं त्या खलाशाचं?"

"तेच तर. मधेच तिचं मठात जायचं ठरलं. आता जाते बायको भेटायला, मीही जातो. जाळी असते मधे. ती तिकडं, आम्ही इकडं. जाळीतून काय विचारायचं लेकीला? खलाशाचं काय झालं म्हणून?"

आणि मग ते गेले. बसले होते तिथंच, पण गेले. खालचा ओठ सैल पडला, तोंड अर्धवट उघडं राहिलं, ते थोरलं कपाळ एका अंगाला उतरलं, डोळ्यांतली खिडकी मालवली. विगखालून घाम ओघळला, पण त्यांना त्याचा पत्ता नव्हता. तिला हे तोंड ठाऊक होतं. नाक वेगळं, गाल वेगळे, पण तोंड तेच, सुपाचा चमचा हवेत धरलेलं. या बूटवाल्याला आपण गाढव समजत होतो याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तिचा हात कागदावर धावत होता. ती बोलली नाही, खोकली नाही. बेटावर तो माणूस चालत होता आणि ती त्याच्यामागून चालत होती. मग खाली गाडीचा घोडा खिंकाळला, सरकारांनी तोंड मिटलं आणि विचारलं, "झालं?"

"झालं, साहेब."

कोरायला तिनं ऑक्टोबर घेतला. मातुरँला अट घातली, संपेपर्यंत बघायचं नाही. तो खुर्ची सोडून आत जाऊन बसला आणि रुसलेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून राहिला. तिनं खुर्चीला हात न लावता शेजारी आपलं स्टूल ओढलं, पत्रा उजेडात घेतला, छाप उलटा उमटतो म्हणून चित्र आरशात धरलं. लोंबलेला ओठ कोरणं ही काय चीज आहे, हे कोरल्याशिवाय कळत नाही. एक रेघ जाड झाली की माणूस वेडा दिसतो, एक बारीक झाली की झोपलेला. गालावर तिनं रेघा थांबवल्या आणि ठिपक्यांनी पुढे गेली, कोरणीच्या टोकानं टोचत, इतक्या जवळ वाकून की श्वासानं तांबं धुरकट व्हायचं आणि पुसत पुसत काम करायला लागायचं. बुबुळात पांढरं ठेवायचं ते तिनं ठेवलं नाही. हात आपोआप तिथून वळत होता, बाबांची सवय, पण तिनं त्याला परत आणला आणि ती खिडकी बंद केली. मान धरली, बोटं वळेनाशी झाली, पण एकदाही तिला असं वाटलं नाही की थांबावं. उलट तिला वाटत होतं, आपण आत्तापर्यंत थांबलेलोच होतो. कधीकधी मास्तर आठवायचे आणि ती म्हणायची, थांबा जरा, तुमचंच काम चाललंय.

कच्चा छाप ओलाच घेऊन ती छापखान्यातून वर आली तेव्हा मातुरँनं तो बघितला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. "अक्का, हे काय केलंस? हा तर बैल! पाद्री हसतील, पोरं हसतील, सगळं कॉलेज हसेल. सरकार आपलं दुकान पेटवून देतील!"

"तो विचार करतोय."

"मग करू दे की घरी जाऊन! चित्रात कशाला?" तो कागद नाचवत होता आणि दुखरा हात आता लपवायचंही विसरला होता. "मी आजच योरिसला निरोप धाडतो. आजच."

"सरकारांनी बघू दे. त्यांनी नाक मुरडलं तर, अशी बोली होती."

सरकारांनी बघितलं. उभ्यानंच बघितलं, हातमोजे न काढता. मातुरँ माफीचं काहीतरी पुटपुटायला लागला तेव्हा त्यांनी त्याला हातानंच गप्प केलं. तुसेन दाराला टेकून उभी होती. तिनं नजर हलवली नाही. तिनं जे पाहिलं ते कोरलं होतं आणि तिनं ते परत कोरलं असतं. सरकार छाप उजेडात घेऊन गेले. आता त्यांची पाठच दिसत होती.

"असा दिसतो मी?"

"त्या दिवशी दिसलात, साहेब. खलाशापाशी."

पाठ थोडी हलली. "बायकोनंही नाही पाहिलं हे," ते म्हणाले. मग त्यांनी त्या कागदाची काळजीनं घडी केली, ती कोटाच्या आत, सदऱ्याजवळ सरकवली, आणि वळले तेव्हा तोंड पुन्हा तत्त्वज्ञाचं होतं. "पुसून टाका."

मातुरँनं सुटकेचा श्वास सोडला. "आजच, सरकार! आणि काळजी नको, अँटवर्पचा माझा माणूस आहे, एकदम वाकबगार, तो असं डोकं..."

"तुमचा माणूस गेला खड्ड्यात. हिनंच कोरायचं."

"पण सरकार, हिनं तर..."

"मी कसा दिसतो ते हिनं पाहिलंय," सरकार म्हणाले. "काय झाकायचं ते हिलाच कळेल."

मातुरँ खुर्चीशी उभा होता, एक हात तिच्या पाठीवर ठेवून. मग त्यानं तो हात काढला आणि बाजूला झाला. तुसेनला रडावंसं वाटत होतं, आणि ते आनंदानं की कशानं, ते तिला ठरवता येत नव्हतं. महिनाभराचं काम, तिचं पहिलं डोकं, आणि ते तिलाच घासायचं होतं, तिच्याच हातानं, ओठापासून सुरुवात करून. तिनं डोळे कोरडे ठेवले. जाऊन खुर्चीत बसली. खुर्ची तिला थोडी उंच होती, पाय टेकत नव्हते, तिनं एक लाकडी ठोकळा पायानंच ओढून घेतला. पाटीवर नवा कागद लावला, खडूला टोक केलं आणि समोरच्या माणसाकडे पाहिलं.

"बसा, साहेब. हनुवटी वर. आणखी थोडी. ओठ मिटा, दाबू नका. आता असं बघा, जसं तुम्हाला सगळं कळतं."

त्यांनी तसं पाहिलं. ती काढू लागली.